सोळा सालची पट्टी

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४
शेतावरून

प्रिय मार्लिस,

नाही, मोटरहोमच्या पाइपात ते न गोठणारं गुलाबी औषध मी यंदाही घातलेलं नाही आणि घालणारही नाही. कुणी तोंडाने विचारत नाही, पण बघतात. ऑक्टोबर लागला की दुकानात दारातच बाटल्यांचा डोंगर रचून ठेवतात, आणि जो तो सहा-सहा बाटल्या काखोटीला मारून निघतो, आणि मी रिकाम्या हाताने बाहेर पडलो की माझ्याकडे असे बघतात जसा मी छपराविना घर बांधतोय. पाइपातलं पाणी काढायचंय ना? मग त्यात आणखी काहीतरी ओतायचं कशाला? आणि उन्हाळ्यात तेच धुऊन काढायचं, आणि तरी जूनभर कॉफीला साबणाचा वास. हवा मारायची, पाणी बाहेर, काम संपलं. सिंकच्या खालच्या वाकड्या पाइपात कपभर औषध ओततो ते सोड. तिथे हवा पोचत नाही. ते धरायचं नाही.

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही.

तू बरी असशील. आम्ही बरे आहोत. गाई विकून सहा वर्षं झाली तरी मी पाचला उठतो आणि काय करायचं ते ठरेपर्यंत सहा वाजतात. बिटाचा हंगाम चालू आहे, रस्त्यावर ट्रक थांबत नाहीत, सगळीकडे चिखल. तुझा टेक्सासचा पत्ता नाताळच्या कार्डाच्या पाकिटावरून घेतला. लव्हॉन ती पाकिटं ठेवून देते. मला माहीत नव्हतं.

तू मास्तरीण होतीस, मी आठवीतून दूध काढायला घरी बसलो. तेव्हा चुका दिसतील. लाल पेन घेऊन बसू नकोस.

तर मोटरहोम. गुरुवारी रेडिओवर सांगितलं की शनिवारी पहाटे पारा वीस फॅरनहाइटवर उतरणार. म्हणजे शुक्रवारी हवा मारायलाच हवी, नाहीतर पाइपात उरलेलं पाणी गोठतं आणि पाइप चिरतात. हे तुला सांगायला नको. तुला तर मुळीच नको.

इतकी वर्षं मी एकटाच करायचो. बाहेर कंप्रेसर लावायचा, पाणी भरायच्या तोंडाला त्याची नळी जोडायची, मग धावत आत जाऊन नळ सोडायचा, फुरफुर करत पाणी यायचं, नुसती हवा आली की बंद, धावत बाहेर, दाब बघायचा, परत आत. आता धावण्याइतके गुडघे राहिले नाहीत. म्हणून लव्हॉनला आत पाठवलं आणि मी कंप्रेसरपाशी उभा राहिलो. तो कंप्रेसर चालू असला की देवाचं बोलणंही ऐकू येत नाही, तेव्हा ठरवलं की एक नळ कोरडा झाला की तिने टाचेने जमिनीवर एकदा ठोकायचं.

"आधी लांबचा नळ, मग जवळचा," मी सांगितलं. "गरम वेगळा, थंड वेगळा. गिझरची टाकी मी रिकामी केलीय. आणि दाब चाळीसच्या वर जाता कामा नये, जोड निसटतात."

"मला नको शिकवू," ती म्हणाली. "पंचावन्न वर्षं तुझा दाब मीच चाळीसच्या खाली ठेवलाय."

आणि गेली आत, कॉफीचा थर्मास घेऊन. कामाला जाताना थर्मास.

पहिलं छान चाललं. ठक. मोरी झाली. ठक. संडास झाला. मग मला वाटलं तोवर मी बाहेरचा शॉवर करून टाकतो. मागच्या बाजूला छोट्या दाराआड आहे बघ, ज्याखाली आजवर कुणी आंघोळ केली नाही, एकदा फक्त कुत्रं धुतलं होतं. मी तोटी सोडली आणि नळी धरायची विसरलो. ती नळी उठली, मार्लिस, फणा काढून उठली. डावीकडे फुस्, उजवीकडे फुस्, आणि मग तिने मला शोधून काढलं. पट्ट्यापासून गुडघ्यापर्यंत भिजलो. आणि नेमका शेजारचा युजीन बिटाचा ट्रक घेऊन चालला होता. थांबला. काच खाली केली. माझ्या विजारीकडे जरा वेळ बघितलं.

"होतं असं, ऑर्डेल," तो म्हणाला. "आता औषधं चांगली निघालीत."

काच वर केली आणि गेला. काल चर्चमध्ये चौघांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

असो. विजार झटकतोय तेवढ्यात लक्षात आलं की आतून ठक आलेलं नाही. स्वयंपाकाच्या सिंकचं ठक यायला हवं होतं. वाट बघितली. काही नाही. आणि मग त्या कंप्रेसरच्या आवाजातूनही काहीतरी ऐकू यायला लागलं, किंचाळल्यासारखं. मी बटण बंद केलं आणि गुडघ्यांना न विचारता पायरी चढलो.

लव्हॉन जमिनीवर. डोकं सिंकखालच्या कपाटात, पाय बाहेर, आणि सगळी थरथरतेय. मला वाटलं झटका आला.

हसत होती.

"ऑर्डेल," ती म्हणाली, तिला बोलता येईना. "ऑर्डेल, तू हे कधी वाचलं होतंस?"

आता तुला आठवत असेल. हवा मारून झाली की सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून कागदी चिकटपट्टी लावायची आपली पद्धत. गाडी घेतली त्या सत्त्याण्णव सालापासून. काम माझं, लिहायचं आईचं, कारण अक्षर तिचं. ती कोट घालून तिथे टेबलाशी बसायची, मी पाइप करायचो, ती पट्टी लिहायची, स्वतःच वाकून लावायची आणि म्हणायची, झालं, आता कॉफी. मला वाटायचं, साल लिहिते आणि हवा मारली असं लिहिते. दुसरं काय लिहायचं असतं?

मार्लिस, ती एकोणीस वर्षं माझ्यावर लिहीत होती.

लव्हॉन वाचत गेली आणि मी त्या ओल्या विजारीत संडासाच्या दाराला टेकून उभा. जसंच्या तसं देतो, कारण लव्हॉनने नंतर सगळं उतरवून घेतलंय.

"१९९७. हवा मारली. ऑर्डेलने तीन शिव्या दिल्या, त्यातली एक नॉर्वेजियन."

"१९९८. हवा मारली. या वर्षी डोंगर बघितले. डोंगर ठीक आहेत."

जन्मात पहिल्यांदा डोंगर बघितला तिने, याच गाडीच्या पुढच्या काचेतून, आणि ठीक आहेत!

"२००१. हवा मारली. ऑर्डेल म्हणतो कॉफी पातळ. कॉफी पातळ नाही."

"२००६. हवा मारली. मार्लिस आली होती. दोघं टेबलाशी दोन तास बसले आणि एकमेकांशी काही बोलले नाहीत. फार छान वेळ गेला."

इथे लव्हॉनला पाणी प्यावं लागलं. पाणी नव्हतं, आपणच काढलं होतं. कॉफी प्यायली.

"२०१५. हवा मारली. ऑर्डेल नळीत पाय अडकून पडला. मी हसले नाही." आणि त्याच्याखाली, अगदी बारीक अक्षरात, "हसले."

मीही हसलो. खोटं कशाला सांगू. ओल्या विजारीने खाली बसलो आणि दोघं त्या कपाटात डोकी घालून हसत होतो, म्हातारा-म्हातारी, उद्या कुणी येऊन आम्हाला कुठे नेऊन ठेवलं तरी तक्रार करता येणार नाही अशी.

पुढच्या पट्ट्या माझ्या. सुताराची जाड पेन्सिल. "२०१७ हवा." "२०१८ हवा." सगळ्या तशाच. आई गेल्यावर मी नुसता हात आत घालून चाचपून लावायचो. वाकायचो नाही. चष्माही नसायचा. आणि मला त्या वाचायच्याही नव्हत्या, तिचं अक्षर होतं ना तिथे.

तेवढ्यात लव्हॉनचं बोट थांबलं.

"ऑर्डेल, सोळा कुठंय?"

"पडली असेल."

"सत्त्याण्णवची पडली नाही. सोळाचीच कशी पडेल?"

"कशाचं पण काहीही पडतं."

"पंधराच्या खाली सतरा आहे. चिकटून आहे. मध्ये नखसुद्धा जात नाही. बघ. चष्मा घाल आणि बघ."

घातला आणि बघितलं.

आता जे तुला माहीत आहे तेच परत सांगतो, कारण ते मला एकदा सरळ मांडायचंय. सोळाच्या ऑक्टोबरात आई गेली. घर पाहुण्यांनी भरलं, म्हणून तू दोन रात्री गाडीत झोपलीस. पुढच्या मे महिन्यात मी गाडी उघडली तर जमीन फुगलेली आणि पाइप सात ठिकाणी फुटलेले. मी म्हणालो, मी हवा मारली होती, त्यानंतर मार्लिसने पंप लावून नळ सोडला, पाइप परत भरले. तू म्हणालीस, मी नळाला हात लावला नाही, घरातून बादली नेली होती. आणि ज्या दिवशी आईचा दगड बसवला, त्या दिवशी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशी, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो की मार्लिस खोटं बोलते, मी पट्टी लावलेली आहे, जाऊन बघ.

तू म्हणालीस, "मी काय केलं नाही ते मला माहीत आहे, बघायला कशाला जाऊ?" बशी खाली ठेवलीस आणि गेलीस. केकचं भांडंसुद्धा विसरलीस.

आता मला सांग, तू एवढी शिकलेली, तेव्हा फक्त वाकून बघितलं असतंस तर? दहा पावलांवर गाडी होती, मीच चालवत आणली होती. मीही बघितलं नाही ते सोड. मला खात्री होती.

आणि खात्री का होती तेही सांगतो, मग झालं. हवा मारायची होती शनिवारी. शनिवारीच आईला पोचवलं. त्याआधी गुरुवारी, तू गाडीत झोपायला यायच्या आधी, मी कंप्रेसर काढला, हे मला स्वच्छ आठवतंय. नळी जोडली. आत गेलो. टेबलावर टेपचं रीळ होतं आणि आईचं निळं पेन, ती आधीच काढून ठेवायची, आठवडाभर आधी. मी तिच्या जागेवर बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. मग बाहेर आलो, नळी गुंडाळली, कंप्रेसर गोठ्यात ठेवला आणि दूध काढायला गेलो. मला वाटलं काम झालं. नळी जोडली होती, टेप बघितला होता, पेन बघितलं होतं. बटण दाबलंच नव्हतं.

लव्हॉन शुक्रवारी जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं. एका बाईने तोंड धुतलं तर सात ठिकाणी पाइप फुटत नाही."

"तेव्हा जोरात का नाही म्हणालीस?"

"म्हणाले होते. तुझा कंप्रेसर चालू होता."

कंप्रेसर चालू नव्हता. त्या वर्षी चालूच झाला नव्हता, हाच तर घोळ. पण तिला काय म्हणायचं ते कळलं.

मग मी रीळ मागितलं. नवी पट्टी फाडली आणि टेबलाशी बसून लिहिली. चार वेळा फाडली, लव्हॉन म्हणाली आठवी पास झाला होतास की नुसता बसून आलास. पाचव्यांदा जमली. त्यावर असं आहे: "२०१६. हवा मारली नाही. ऑर्डेल विसरला. मार्लिसने नळाला हात लावला नव्हता." पंधरा आणि सतराच्या मध्ये जागा नाही म्हणून शेजारी आडवी लावली. गाडीत जो कुणी सिंकखाली डोकं घालेल त्याला आधी तीच दिसेल. पट्टी लावताना मला काही झालं नाही.

राहिलेला एक नळ केला, ठक आलं, कंप्रेसर ठेवला. शनिवारी पहाटे पारा अठरावर गेला. पाइप कोरडे ठणठणीत.

आता मुद्दा. लव्हॉनने तुझं भांडं बाहेर काढलंय. ते चौकोनी, केकचं. त्याच्या बुडालाही तशीच पट्टी आहे, आपल्याकडच्या सगळ्या भांड्यांना असते तशी, "मार्लिस" लिहिलेली, आणि शुक्रवारी ते सगळं वाचून झाल्यावर मी ते उलटं करून बघितलं तर तुझ्या हातचं अक्षर हुबेहूब आईचं. या सात वर्षांत लव्हॉनने त्यात एकदाही काही भाजलं नाही. तुझं आहे म्हणाली. आणि भांडं परत करताना रिकामं द्यायचं नसतं हे तुला ठाऊक आहे. आता केक टपालाने टेक्सासला पाठवला तर काय पोचेल?

म्हणून आम्ही येतोय. म्हणजे विचारतोय. थंडी पडली की दक्षिणेला पळणाऱ्यांना मी जन्मभर काय काय बोललो ते मला आठवतंय, तू आठवण करून देऊ नकोस, युजीनने दिलीय. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी निघायचं. पाइप कोरडेच ठेवून येऊ, ओक्लाहोमा ओलांडेपर्यंत नळाला पाणी नाही. प्यायला दुधाच्या जुन्या कॅनमध्ये घेऊ, संडासात तांब्याने ओतू. लव्हॉनला ते फार मजेचं वाटतंय. ती कालपासून बटाट्याचे लेफ्से लाटतेय, तुला आवडतात तसे, पातळ, आणि दर वेळी एक जळतो तो मला देते.

तुला एवढंच विचारायचंय की तुझ्या घराला बाहेरून नळ आहे का. असेल तर आमची नळी त्याला लावीन आणि गाडीतले पाइप तिथे भरीन. तुझ्या पाण्याने.

आणि यंदाची पट्टी कोरी ठेवलीय. २०२४ ची. अक्षर आपल्या घरात आता फक्त तुझं उरलंय. रीळ आणतोय. आईचं निळं पेनही आणतोय, ते अजून चालतं.

तू नाही म्हणशील. आपल्याकडे कॉफीलासुद्धा तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा कप पुढे करतात. तर तू न आलेले सात वर्षांचे सात नाताळ मी नाही, नाही, नाही असे तीनदा धरलेत, वरचे चार सोडून दिले. हे चौथ्यांदा विचारतोय. आता सरळ हो म्हणायचं.

उत्तराला लांबण लावू नकोस. नळ आहे किंवा नळ नाही, एवढं एका ओळीत कळव. नळ नसेल तरी येतोय, कॅन भरून आणीन.

लव्हॉन मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, पट्टी लावताना काही झालं नाही असं लिहिलंस ना, मग आईसारखं त्याच्याखाली बारीक अक्षरात खरं काय ते लिही. मी लिहिणार नाही. बारीक नाही आणि मोठंही नाही. आता पुढे एक अक्षर लिहिणार नाही.

तुझा भाऊ,
ऑर्डेल